वरसईचा विष्णुभट आणि माझा टावर चौक

पप्पांची बदली उज्जैनला झाली त्याला आता दोन वर्षं झाली. मी वसईची, कॉलेज इथे, त्यामुळे उज्जैन माझ्यासाठी फक्त सुट्टीतलं गाव. नाताळच्या सुट्टीत गेले की रोज संध्याकाळी आम्ही फ्रीगंजमधल्या टावर चौकात चक्कर मारतो. घड्याळाचा मनोरा, भोवती चाटच्या गाड्या, गर्दी, हॉर्न. मागच्या नाताळात तिथेच एका गाडीपाशी पाणीपुरी खाताना शेजारच्या हिंदीवाल्या मैत्रिणीने मला विचारलं, तू मराठी साहित्य शिकतेस ना, मग गोडसे भटजी वाचलेच असशील? तिने ते हिंदीत वाचले होते, अमृतलाल नागरांच्या अनुवादात, ‘आँखों देखा गदर’ या नावाने. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मी वाचलेलं नव्हतं.

मला प्रवासाची आणि साहसाची पुस्तकं मनापासून आवडतात. एव्हरेस्ट, दक्षिण ध्रुव, एकट्याने होडीतून समुद्र पार करणारे. ती सगळी मी इंग्रजीत वाचली. त्यात एक गोष्ट नेहमी सारखी असते: माणूस स्वतःहून संकट निवडतो. घरी सगळं ठीक असतं, तरी तो निघतो. मला वाटायचं, साहस म्हणजे हेच. मराठीत असं काही नसणार, अशीही माझी समजूत होती.

त्या रात्री मी घरी येऊन ‘माझा प्रवास’ शोधलं आणि पुढचे चार दिवस दुसरं काही केलं नाही. म्हणून हा लेख विष्णुभट गोडसे यांच्यावर.

विष्णुभट कोकणातल्या पेणजवळच्या वरसईचे. भिक्षुकी करणारं घर, खाणारी तोंडं बरीच आणि डोक्यावर कर्ज. तेवढ्यात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार आहेत आणि त्यात ब्राह्मणांना भरपूर दक्षिणा मिळणार आहे. दौलतराव शिंद्यांच्या या विधवा राणीचं नाव मोठं होतं. तिशीच्या आसपासच्या विष्णुभटांनी हिशेब केला: एवढी दक्षिणा मिळाली तर कर्ज फिटेल. घरून परवानगी सहज मिळाली नाही. पण शेवटी 1857 साली ते आपल्या काकांबरोबर, रामभटांबरोबर, उत्तरेकडे निघाले. निसर्ग बघायचा नव्हता, विक्रम करायचा नव्हता. पैसे मिळवून परत यायचं, एवढंच.

वर्ष कोणतं होतं ते त्यांना अर्थातच माहीत नव्हतं. आपण 1857 म्हटलं की लगेच पुढचं सगळं आठवतं. त्यांच्यासाठी ते एक साधं वर्ष होतं. माळव्यात महूच्या वाटेवर शिपाई भेटले आणि काडतुसांच्या गोष्टी कानावर आल्या, तेव्हा काहीतरी भयंकर होणार हे त्यांना कळलं. शहाणपण मागे फिरण्यात होतं. पण मागे गेलं तर कर्ज तसंच. काका-पुतण्या पुढेच गेले. माळव्यात धार आणि उज्जैनही त्यांच्या वाटेवर आलं. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, हा टावर नव्हता. क्षिप्रा होती आणि महाकाल होता. मी ज्या गावाला सुट्टीतलं गाव म्हणते, ते त्यांच्यासाठी दंग्याच्या दिवसांत लागलेलं एक मुक्कामाचं ठिकाण होतं. ते वाचल्यापासून पुलावरून जुन्या शहराकडे बघताना मला थोडं वेगळं वाटतं.

मथुरेचा यज्ञ बाजूलाच राहिला. ग्वाल्हेरहून ते झाशीला पोचले. राणी लक्ष्मीबाईंच्या राज्यात विद्वानांना मान होता, मराठी माणसं होती, काही काळ बरं चाललं. आणि मग मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोझच्या फौजेने झाशीला वेढा घातला. तात्या टोपे मदतीला आले, पण 1 एप्रिलला बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला आणि दोनच दिवसांनी इंग्रज शहरात शिरले. विष्णुभट शहराच्या आत होते.

यानंतरची पानं मी रात्री वाचू शकले नाही, सकाळी वाचली. कत्तल, आगी, लपून बसलेली माणसं, दिवसेंदिवस चाललेली लूट. आधी सोनं-नाणं, मग भांडीकुंडी, मग कपडे, धान्य, जे दिसेल ते. झाशीतला मोठा ग्रंथसंग्रहसुद्धा त्यात गेला. इतिहासाच्या पुस्तकात झाशीचा पाडाव एका ओळीत संपतो. इथे तो लपून बसलेल्या, तहानलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या नजरेने येतो. विष्णुभट आपली भीती लपवत नाहीत, शौर्याचा आव आणत नाहीत. मला वाटतं, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो.

पुढे काल्पीच्या बाजूला त्यांना राणी पुन्हा दिसली. पराभवानंतरची, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ. ते विहिरीतून पाणी काढून द्यायला पुढे झाले, पण विद्वान ब्राह्मणाला असं काम तिने करू दिलं नाही, स्वतःच पाणी काढलं. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरला ती लढताना पडली. पुतळ्यातली राणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. विहिरीपाशी पोहऱ्याची दोरी ओढणारी राणी मला या पुस्तकाने दाखवली.

त्यानंतर चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी. मिळालेले पैसे वाटेत लुटले गेले. काशीहून त्यांनी खांद्यावर गंगाजलाची कावड घेतली आणि ती चालत कोकणात आणली, आई-वडिलांना गंगेचं स्नान घालता यावं म्हणून. दक्षिणा आणायला गेलेला मुलगा अडीच-तीन वर्षांनी पाणी घेऊन परत आला.

आमच्या घरी देव्हाऱ्यात लूर्ड्सच्या पाण्याची एक छोटी बाटली आहे, आजीच्या बहिणीने आणलेली. आजी आजारी पडली की त्यातले दोन थेंब तिच्या कपाळाला लावतात. ती बाटली विमानातून आली, कावड खांद्यावरून आली, फरक मोठा आहे. पण लांबून आणलेलं पाणी घरात कशासाठी ठेवतात, हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पुस्तकाचीही एक गोष्ट आहे. परतल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी हे सगळं लिहून काढलं. इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे ते हयात असताना पुस्तक छापलं गेलं नाही. 1907 साली वैद्यांनी ते प्रसिद्ध केलं, पण बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली ते छापलं. तेव्हा साहित्य मंडळातल्या मित्रांनो, वाचायला घेताना कोणती आवृत्ती हातात आहे ते आधी बघा.

पुस्तकात सगळंच डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ऐकीव गोष्टीही आहेत, तारखाही सगळीकडे जुळत नाहीत. लेखक आपल्या जातीच्या आणि काळाच्या चौकटीतून बघतो. सोवळं-ओवळं, ब्राह्मणांचा मान हे त्याला जगाचे नियमच वाटतात. माझ्यासारखीला त्यांच्या पंगतीत जागा मिळाली नसती, हे वाचताना मला सतत जाणवत होतं. तरी मी पुस्तक मिटलं नाही. माणूस खरं सांगतोय असं वाटलं की आपण त्याच्याबरोबर बरंच अंतर चालतो.

आणि आता मूळ मुद्दा. पप्पांनी उज्जैनची बदली घेतली तेव्हा मी चिडले होते. वसईचं घर, मित्र, कॉयर सोडून एवढ्या लांब कशाला, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. घराच्या कर्जाचे हप्ते आणि माझी फी यांचा हिशेब मला माहीत होता, पण मी तो धरला नव्हता. माझ्या कपाटातले गिर्यारोहक मला थोर वाटत होते आणि पप्पा फक्त बदली झालेले.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं टावर चौकात उभे होतो. मी त्यांना विष्णुभटांची गोष्ट सांगितली, वरसईपासून कावडीपर्यंत. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मग त्याचं कर्ज फिटलं का? मी म्हटलं, दक्षिणेचे पैसे तर वाटेतच गेले. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, चल, उशीर होतोय, तुझी गाडी आहे उद्या सकाळी. घरी जाताना मी ते पुस्तक त्यांच्या हातात दिलं. परवाच फोन आला होता, त्यांचं वाचन झाशीपर्यंत पोचलंय.