मॉर्गनचा डॉलर

नाण्यांच्या नादी लागलेल्या मंडळींच्या तोंडी ‘मॉर्गन’ हे नाव सारखे येते. नवख्याला वाटते, हा तो प्रसिद्ध सावकार असावा. पण जॉर्ज मॉर्गन हा टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणारा साधा पगारी कारागीर होता.

इंग्लंडात १८४५ साली जन्मलेला मॉर्गन बर्मिंगहॅमच्या कलाशाळेत शिकला आणि १८७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत नोकरीस लागला. तेथे विल्यम बार्बर मुख्य ठसेकार आणि त्याचा मुलगा चार्ल्स मदतनीस. बापलेकांच्या त्या घरात तिसऱ्याला जागा कोठून मिळणार? तरीही १८७८ साली दरमहा किमान वीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन डॉलर पाडण्याचा कायदा झाला, तेव्हा निवड मॉर्गनच्याच चित्राची झाली. अ‍ॅना विल्यम्स या शिक्षिकेस समोर बसवून त्याने स्वातंत्र्यदेवतेचा मुखवटा कोरला होता. मानेच्या कडेशी आपले ‘एम्’ हे इवलेसे अक्षरही घातले. पाठीवरच्या गरुडाच्या शेपटीत आरंभी आठ पिसे होती. लवकरच ती सात झाली. आठ पिसांचा डॉलर पहिल्याच सालचा, ही ओळख अजूनही उपयोगी पडते.

१८७९ साली थोरला बार्बर वारला आणि त्याची जागा मुलाकडे गेली. मॉर्गन मदतनीसच राहिला, तो १९१७ पर्यंत! सत्तरी उलटल्यावर तो मुख्य झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे डॉलर वितळवण्याचा कायदा आला. महायुद्धाच्या त्या काळात आपल्याकडे लोक नोटा देऊन रुपये मागू लागले होते आणि इंग्रज सरकारजवळ चांदी नव्हती. अमेरिकेने सुमारे सत्तावीस कोटी डॉलर आटवले. त्यांतली बहुतेक चांदी हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी गेली. सव्वादोन तोळ्यांच्या एका डॉलरात रुपयेही साधारण सव्वादोनच भरत. आपल्या आजोबांच्या कनवटीला त्यांतला एखादा असेलही!

कोणत्या सालचे किती आटले याची नोंद मात्र राहिली नाही. म्हणून पाडलेल्या नाण्यांच्या आकड्यावरून दुर्मिळता ठरवता येत नाही. १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर फार महाग होता. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्या निघाल्या आणि भाव कोसळला. टांकसाळ ओळखायची ती पाठीवरच्या माळेखालील अक्षरावरून : ‘ओ’ न्यू ऑर्लिन्सचे, ‘एस्’ सॅन फ्रॅन्सिस्कोचे, ‘सीसी’ कार्सन सिटीचे, अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. १८९३ चा ‘एस्’ केवळ एक लाख पडला, त्यामुळे दुसऱ्या नाण्यावर ‘एस्’ चिकटवणारे ठक निघाले. भिंगाखाली अक्षराचा बुंधा पाहावा. आणि कृपा करून नाणे चिंचेने घासू नये! मूळची झळाळी गेली की किंमतही जाते.

१९२१ साली पुन्हा डॉलर पाडायचे ठरले. जुने ठसे नष्ट झालेले, म्हणून पंचाहत्तरीच्या मॉर्गनने ते नव्याने कोरले. त्या एका वर्षात आठ कोटींहून अधिक नाणी पडली. सर्वांत स्वस्त मॉर्गन तोच. वर्ष संपण्यापूर्वीच दुसऱ्या चित्रकाराचा डॉलर आला आणि त्याच्या ठशावरची शेवटची दुरुस्तीही म्हाताऱ्या मॉर्गनलाच करावी लागली. जानेवारी १९२५ मध्ये तो वारला, तोवर त्याची टांकसाळीतली नोकरी चालूच होती.