पायवाटांचा इतिहासकार

देहूजवळ, इंद्रायणीच्या पलीकडे, भंडाऱ्याचा डोंगर उभा आहे. संत तुकाराम तेथे एकांतात चिंतनास बसत, हे महाराष्ट्रातील लहानथोर जाणतात. परंतु तुकोबांच्या कितीतरी शतके आधी बौद्ध भिक्षूंनी या डोंगरात लेणी कोरली होती. आणि भिक्षूंच्याही पूर्वी येथे दगडी हत्यारे वापरणारा माणूस वावरत होता. या सर्वांत जुन्या वस्तीच्या खुणा ज्यांनी येथे पारखल्या, ते दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. दामोदरांनी १९२९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची पदवी मिळवली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केले.

प्राचीन नाण्यांच्या वजनांचा गणिताने अभ्यास करता करता ते इतिहासाकडे वळले. ग्रंथ आणि ताम्रपट राजांची नावे सांगतात. सामान्य माणूस कसा जगला, हे मात्र त्यांतून पुरते कळत नाही. म्हणून कोसंबी पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी हिंडू लागले. गुहांच्या तोंडाशी व पायवाटांवर त्यांना गारगोटीच्या जातीच्या दगडाची, नखाएवढी धारदार पाती सापडत. आदिमानव अशी पाती लाकडात किंवा हाडात बसवून हत्यार म्हणून वापरी.

एकटे पाते फारसे काही सांगत नाही. पण ती कोठे कोठे सापडतात, याची ओळ जुळवताच एक वाट दिसू लागली. दऱ्याखोरी दाट अरण्याने भरली होती, तेव्हा गुरे राखणारी माणसे डोंगरांच्या उतारांवरून फिरत. पुढे त्याच वाटांनी व्यापाऱ्यांचे तांडे गेले, त्यांच्या कडेला लेणी कोरली गेली, आणि शेंदूर फासलेल्या ग्रामदेवताही तेथेच राहिल्या, असे कोसंबींनी दाखवले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे विवेचन आहे. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज चाकणच्या परिसरात मोठमोठे कारखाने उभे आहेत. जमीन एकदा सपाट केली, की तिच्यावरील पाती मातीबरोबर निघून जातात आणि वाटेची ओळ तुटते. म्हणून मुलांनो, एखाद्या गुहेपाशी असा दगड दिसला, तर तो खिशात टाकू नका. जागा नीट लिहून ठेवा व जाणत्यांस कळवा. दगड जागेवरून हलला, की त्याची अर्धी कहाणी हरवते.