गांधीजींचे दुखणे आणि पिठातला कोंडा

शौचाच्या जागेचे दुखणे माणूस सहसा लपवतो. महात्मा गांधींनी मात्र आपल्या आत्मकथेत ते मोकळेपणाने सांगितले आहे.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला जन्मलेल्या गांधीजींना जोहान्सबर्गला वकिली करताना बद्धकोष्ठाचा त्रास होता. अधूनमधून रेचक घ्यावे लागे. तिथेच त्यांनी घरी हातजाते आणले आणि कोंड्यासकट पिठाचा पाव खायला सुरुवात केली.

पण कोंडा म्हणजे कवचकुंडले नव्हेत. १९१८ मध्ये गुजरातेत खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचे पोट बिघडले. तशातच सणाच्या दिवशी गव्हाची गोड लापशी आणि मूग पोटभर खाल्ले आणि तासाभरात जोराची आव लागली. पुढे हवापालटासाठी ते माथेरानला गेले, पण तिथले जड पाणी मानवले नाही. आवेमुळे गुदद्वार हुळहुळे होऊन चिरा पडल्या होत्या. शौचाच्या वेदनेमुळे जेवायचीच धास्ती वाटू लागली. आठवड्याच्या आत त्यांनी माथेरान सोडले. १९१९ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली.

कोंड्यावरचा त्यांचा विश्वास मात्र कायम राहिला. १९३४ नंतर वर्ध्याच्या मगनवाडीतून त्यांनी हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचा प्रचार केला. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात पीठ चाळू नये, कच्ची पालेभाजी खावी, असा सल्ला आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली.

या चिरांना आज फिशर म्हणतात. मूळव्याध म्हणजे सुजलेल्या रक्तवाहिन्या. आजार वेगळा, पण कुंथण्याने दोन्ही बळावतात. तंतू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे शौच मऊ होते. दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू पुरेसे. गव्हाचा कोंडा शौचाचे प्रमाण वाढवतो. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, म्हणून दुखऱ्या जागेला सोसवतो. तो भरपूर पाण्यासोबतच घ्यावा आणि हळूहळू वाढवावा, नाहीतर पोट फुगते.

गडमुडशिंगीच्या घरातली ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि सालीची मूगडाळही हेच काम करते. मात्र आव लागलेली असताना कोंडा नको. आणि रक्त पडत असेल, तर मूळव्याधच असेल असे धरून न बसता डॉक्टरांना दाखवा.