वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२ – ८ एप्रिल, १९५३) हे महाराष्ट्रातील एक अग्रगण्य उद्योगपती होते. जहाजवाहतूक, विमाननिर्मिती, बांधकाम, साखर आणि मोटार या क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभारले. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने कुर्ला येथे बनविलेली फियाट ११०० ही मूळची इटालियन मोटार पुढे मुंबईच्या रस्त्यांची ओळख ठरली.

प्रारंभीचे जीवन

वालचंद यांचा जन्म सोलापूर येथे एका गुजराती जैन कुटुंबात झाला. घरचा व्यवसाय सावकारी व कापसाचा होता. मुंबई व पुणे येथे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले, परंतु ते पूर्ण होऊ शकले नाही. वडिलोपार्जित धंद्यात मन न रमल्याने त्यांनी लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा व्यवसाय भोर घाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचला.

जहाज आणि विमान

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल, १९१९ रोजी तिचे लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणण्याचा प्रयत्न केला, तरी ती टिकून राहिली. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा विमान कारखाना निघाला. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याचा पायाही त्यांनीच घातला. रावळगाव व वालचंदनगर येथील साखर कारखाने याच काळातले.

मोटार कारखाना

मोटारीसाठी मात्र त्यांना सर्वाधिक प्रतीक्षा करावी लागली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंद तिच्या मागे उभे राहिले. मुंबई प्रांताचे बाळ गंगाधर खेर मंत्रिमंडळ अनुकूल होते. केंद्रातील ब्रिटिश सरकार नव्हते. फोर्डशी बोलणी फिसकटल्यावर क्रायस्लरशी करार झाला, पण युद्धकाळात सरकारने मोटारनिर्मितीला युद्धोपयोगी उद्योग मानण्यास नकार दिला. त्याच सरकारला सैन्यासाठी हजारो मोटारगाड्या परदेशातून आणाव्या लागत होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यातून डॉज व प्लिमथ मोटारी बाहेर पडू लागल्या.

या आकाराने मोठ्या व महाग अमेरिकन मोटारींना देशात गिऱ्हाईक मर्यादित होते. म्हणून कंपनी तुरीनच्या फियाटकडे वळली. प्रकृती ढासळल्याने वालचंद तोवर कारभारातून निवृत्त होऊ लागले होते. ८ एप्रिल, १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नवी फियाट ११०० सादर झाली व पुढच्या वर्षी ती कुर्ल्यात आली. ती पाहायला ते उरले नाहीत.

शर्यती आणि संग्राहक

फियाट ११०० ही दिसायला साधी, चार दारांची घरगुती मोटार होती. १,०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे तिचे इंजिन मात्र काटक होते. इटलीत तिची अधिक वेगवान टीव्ही (टूरिझ्मो व्हेलोचे) आवृत्ती निघाली, आणि मिले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतीत लहान इंजिनांच्या गटात ११०० मोटारी मोठ्या संख्येने उतरत. भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी शर्यती मोटारी फार थोड्यांना परवडत. त्यामुळे हौशी चालकांनी हीच मोटार हाताशी धरली. आतील आसने व सजावट काढून वजन घटविणे, दुहेरी कार्बुरेटर बसविणे असे फेरफार करून ती जुहू आणि मद्रासजवळील शोलावरम यांसारख्या धावपट्ट्यांवरील शर्यतींत पळविली जाई.

१९७४ पासून ही मोटार प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे सेवेतून बाद झाली. टॅक्सी म्हणून झिजलेल्या मोटारींपेक्षा खासगी मालकांनी जपलेल्या जुन्या ११०० आणि १९६४ च्या डिलाइट मोटारींना संग्राहक अधिक पसंती देतात. मूळ सुटे भाग मिळविणे हीच त्यांची मुख्य अडचण असते.

सांगली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाला वालचंद यांचे नाव देण्यात आले आहे.