गिरणीमालकाचा मुलगा आणि सरकारी रॉकेट



सरकारी म्हटले की काम रेंगाळणार आणि खाजगी म्हटले की झटपट होणार, असे आपल्या गावात बरेच जण म्हणतात. मला प्रश्न पडला, की नवीन यंत्र बनवणे, नवीन शोध लावणे हे सरकारला खरेच जमत नाही का? म्हणून मी डॉ. विक्रम साराभाई यांचे चरित्र निवडले. कारण त्यांनी खाजगी कारखानेही चालवले आणि सरकारी कामही केले. दोन्हीकडचे पाणी प्यालेला माणूस!

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादला झाला. वडील अंबालाल हे कापड गिरणीचे मालक. आईचे नाव सरलादेवी. घरी कशाचीही कमतरता नव्हती. लहानपणी त्यांचे शिक्षण आईवडिलांनी घरीच काढलेल्या शाळेत झाले. पुढे ते इंग्लंडला केंब्रिज येथे शिकायला गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यामुळे ते परत आले आणि बंगळुरूला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले व १९४७ मध्ये डॉक्टर झाले.

त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली. तेव्हा त्यांचे वय फक्त २८ वर्षे होते. मोठी इमारत वगैरे काही नव्हती बरं का! एका कॉलेजच्या खोल्यांत काम सुरू झाले. कापड गिरण्यांसाठीही त्यांनी एक संशोधन संस्था उभी केली. एकेका गिरणीला स्वतःची प्रयोगशाळा काढणे परवडणारे नव्हते, म्हणून सर्वांची मिळून एक. शिवाय घरच्या औषधांच्या कारखान्याचा कारभारही त्यांच्याकडे होता. म्हणजे धंदा कसा करतात, वेळ कसा वाचवतात, हिशेब कसा ठेवतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

अशा माणसाने रॉकेटचे काम मात्र सरकारमध्ये राहून केले. १९६२ साली भारत सरकारने अवकाश संशोधनासाठी समिती नेमली आणि विक्रमभाई तिचे अध्यक्ष झाले. केरळात समुद्रकाठी थुंबा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्ताची रेषा त्याच्या जवळून जाते, म्हणून ती जागा निवडली. गावकऱ्यांनी जागा दिली, आपले चर्चसुद्धा दिले. चर्चमध्ये कचेरी थाटली. रॉकेटचे भाग चक्क सायकलवरून नेले! २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले रॉकेट उडाले. ते रॉकेट अमेरिकेचे होते. पण चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, आपल्या माणसांनी बनवलेले रोहिणी रॉकेट उडाले. त्याची जाडी ७५ मिलिमीटर, म्हणजे साधारण पाण्याच्या पेल्याएवढी. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली.

आता विचार करा. त्या वेळी हे काम एखाद्या व्यापाऱ्याने केले असते का? मला नाही वाटत. व्यापाऱ्याला नफा पाहावा लागतो, त्यात त्याची चूक नाही. पण थुंब्याच्या पहिल्या रॉकेटपासून भारताने स्वतःच्या रॉकेटने उपग्रह वर सोडेपर्यंत १७ वर्षे लागली. १९७९ मध्ये पहिला प्रयत्न फसला आणि सगळे समुद्रात पडले. १९८० मध्ये जमले. इतकी वर्षे दुकान कोण उघडे ठेवील?

दुसरे असे, की दुकानदार टीव्ही विकतो तो जिथे गिऱ्हाईक आहे तिथेच. विक्रमभाईंना टीव्ही हवा होता खेड्यासाठी. त्यासाठी १९६९ मध्ये अमेरिकेशी करार झाला. १९७५-७६ मध्ये त्यांचा उपग्रह वर्षभर वापरायला घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. शेती, आरोग्य आणि शाळेतल्या मुलांसाठीही कार्यक्रम होते. पण हे पाहायला विक्रमभाई नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, केरळातच त्यांचे निधन झाले.

सगळीच सरकारी कामे अशी होतात असे मात्र नाही. काही ठिकाणी कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायलाच महिने लागतात. मग हे काम का झाले? मला वाटते, पैसा सरकारचा होता आणि शिस्त चांगल्या कारखान्याची होती. विक्रमभाईंनी तरुण मुलांवर मोठी कामे सोपवली. डॉ. अब्दुल कलाम त्यांच्यातलेच एक.

खाजगी कारखानेही मागे राहिले नाहीत. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. २०२२ मध्ये हैदराबादच्या एका खाजगी कंपनीने आपले रॉकेट उडवले. ती कंपनी काढणारे दोघेही पूर्वी इस्रोत होते, आणि रॉकेट उडाले तेही इस्रोच्या श्रीहरिकोट्याहून. काय गंमत बघा, त्या रॉकेटचे नावही विक्रमच! म्हणजे आधी सरकारने जंगलातून पायवाट पाडली, मग तिच्यावरून गाड्या धावू लागल्या.

पालकहो, आपली शाळा जिल्हा परिषदेची आहे. खाजगी शाळेची गाडी गावात आली की आमच्या वर्गातली एक-दोन मुले कमी होतात. सरकारी म्हणून शाळा वाईट ठरत नाही आणि खाजगी म्हणून चांगली ठरत नाही. आत काम करणारी माणसे कशी आहेत आणि गाव त्यांच्या पाठीशी आहे का, हे पाहावे. थुंब्याच्या कोळ्यांनी आपले चर्च दिले, तेव्हा कुठे रॉकेट उडाले.

२०१९ मध्ये चंद्रावर उतरताना आपले विक्रम यान कोसळले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी दुसरे विक्रम यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले. अशा या थोर शास्त्रज्ञास माझे विनम्र अभिवादन!