गौहरजानबाईंची तबकडी

आमच्या चावीच्या ग्रामोफोनवर गौहरजानबाईंची एक तबकडी अजून वाजते. खरखरीआडून येणारा आवाज पातळ, पण धारदार. बाई १८७३ साली आझमगडला जन्मल्या. आईवडिलांची फारकत झाली. आई मलकाजानने त्यांना गाणे शिकवून वाढविले. १९०२ साली कलकत्त्यास त्या ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापाशी गायल्या. मायक्रोफोन नव्हता, आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर रेघ कोरी. सारा राग तीन मिनिटांत! शेवटी बाई स्वतःचे नाव इंग्रजीतून ठणकावून सांगत. आणि दिवस कसले, तर बायकांनी नवऱ्याचेसुद्धा नाव न घेण्याचे! पैसा आला, पुष्कळसा कोर्टकचेऱ्यांत गेला. १९३० साली त्या म्हैसूरला वारल्या. मैफलीतला त्यांचा खर्ज कर्ण्याला नीट धरताच आला नाही; तो आता आपल्याला ऐकायला मिळायचा नाही.