लिस्टर आणि जखमेतला पू

ऑपरेशन व्यवस्थित पार पडले, पण चौथ्या-पाचव्या दिवशी टाक्यांभोवती लाली आली, ताप चढला आणि जखम पिकली, असे आजही घडते. घडले की नातेवाईक विचारतात, असे झालेच कसे? दीडशे वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारत नसे. जखम पिकणारच, असे सर्जनही धरून चालत आणि रुग्णही. एवढेच नव्हे, तर घट्ट, पिवळसर पू दिसला की सर्जनला हायसे वाटे. पातळ आणि घाण वासाचा पू तेवढा वाईट समजला जाई. ही समजूत मोडून काढण्यात जोसेफ लिस्टर यांचे निम्मे आयुष्य गेले.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळच्या अप्टन येथे, क्वेकर पंथाच्या एका सधन घरात झाला. वडील वाइनचे व्यापारी, पण त्यांचे मन रमे सूक्ष्मदर्शकात. त्या काळच्या भिंगांतून पाहताना प्रतिमेभोवती रंगीत कडा उमटत. ती अडचण दूर करण्याच्या कामामुळे हा हौशी माणूस रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. मुलाच्या हातात सूक्ष्मदर्शक लहानपणीच आला, आणि पुढच्या कथेत याला फार महत्त्व आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे क्वेकर मुलांना बंद असल्यामुळे शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाले. मध्येच देवी आल्या, मग मन खचले आणि शिक्षणात खंड पडला. १८५२ मध्ये वैद्यकीय पदवी मिळाली. पुढच्या वर्षी ते एडिंबरोचे नामवंत सर्जन जेम्स साइम यांचे काम पाहायला थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले आणि सात वर्षे राहिले. साइम यांच्या मुलीशी, ॲग्नेसशी, १८५६ मध्ये लग्न झाले. पंथाबाहेर लग्न, म्हणून क्वेकर पंथ सोडला. मूलबाळ झाले नाही. प्रयोगांच्या वह्या मात्र पानेच्या पाने ॲग्नेस यांच्या हस्ताक्षरात आहेत. प्रयोगशाळेतला त्यांचा वाटा पत्नीच्या मदतीपेक्षा बराच मोठा होता.

भूल देण्याचा शोध १८४६ चा. त्याआधी सर्जनचे कौशल्य मोजले जाई ते वेगावर, कारण रुग्ण जागा असे. ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर सर्जनला वेळ मिळाला. ऑपरेशने वाढली, लांबली, शरीरात अधिक खोल जाऊ लागली. आणि त्याबरोबर ऑपरेशननंतरचे मृत्यू जास्त डोळ्यांत भरू लागले. वेदना गेली, पण जखम सडायची ती सडतच होती.

१८६० मध्ये लिस्टर ग्लासगोला सर्जरीचे प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी तिथल्या रॉयल इन्फर्मरीतले वॉर्ड त्यांच्याकडे आले. सर्जरीची इमारत नवीकोरी होती, तरी धावरे, गँगरीन, रक्तात पसरणारा पू यांनी माणसे मरत होती. तळमजल्यावरच्या एका वॉर्डात हे प्रमाण विशेष होते. शेजारची जमीन खणली तेव्हा १८४९ च्या पटकीच्या साथीतल्या शवपेट्या वरच्या थरातच सापडल्या. साहजिकच सर्वांनी दोष दिला तो दूषित हवेला. सर्जन रक्त-पुवाने कडक झालेला जुना कोट अभिमानाने घालत, एका जखमेत घातलेली सळई नुसती पुसून दुसऱ्या जखमेत घालत, एकाच स्पंजाने वॉर्डभरच्या जखमा धूत. त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

लिस्टर यांना वेगळीच गोष्ट छळत होती. हाड मोडले, पण वरची कातडी शाबूत राहिली, तर माणूस खाटेवर पडून बरा होतो. तेच हाड कातडी फाडून बाहेर आले, तर पाय कापावा लागतो, नाहीतर माणूस जातो. हवा दोघांच्या वॉर्डात एकच. मग फरक कातडीचा. म्हणजे बाहेरून काहीतरी आत शिरते.

ते काय, याचे उत्तर १८६५ मध्ये मिळाले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी त्यांचे लक्ष लुई पाश्चर यांच्या निबंधांकडे वेधले. आंबणे आणि कुजणे ही नुसत्या हवेची करणी नाही, हवेतून येणाऱ्या सूक्ष्म जिवांची आहे, असे पाश्चर यांनी दाखवले होते. हे जीव उष्णतेने, गाळून किंवा रसायनाने काढता येतात. जखम उकळता येत नाही, गाळता येत नाही. उरले रसायन. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक ॲसिड वापरतात आणि त्या पाण्यावरच्या कुरणात चरणाऱ्या गुरांना जंतांचा त्रास होत नाही, असे लिस्टर यांच्या वाचनात आले होते. त्यांनी तेच मागवले.

मार्चमधला पहिला प्रयत्न फसला. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीज हा अकरा वर्षांचा मुलगा आला. गाडीचे चाक डाव्या पायावरून गेले होते, हाड मोडले होते आणि वर जखम होती. लिस्टर यांनी कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी जखमेवर ठेवली आणि पाय फळ्यांत बांधला. चार दिवसांनी पट्टी उघडली. कातडी औषधाने थोडी भाजली होती, पण पू नव्हता. औषध पातळ करून उपचार चालू राहिले. सहा आठवड्यांत हाड जुळले.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्टला, व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस वारले. डॉक्टरांनी हात क्लोरिनच्या पाण्यात धुतले तर बाळंतिणी मरत नाहीत, हे त्यांनी १८४७ मध्येच दाखवले होते आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला होता. मृत्यूचे कारण होते चिघळलेल्या जखमेतून पसरलेला सेप्सिस. लिस्टर यांना तेव्हा हे नावही माहीत नव्हते.

१८६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिस्टर यांनी उघड्या अस्थिभंगाचे अकरा रुग्ण मांडले. नऊ जण हातपाय शाबूत ठेवून बरे झाले, एकाचा पाय कापावा लागला, एक दगावला. त्याच वर्षी बहीण इझाबेला स्तनाचा कर्करोग घेऊन त्यांच्याकडे आली. इतक्या मोठ्या जखमेने रुग्ण कर्करोगाआधीच मरेल, म्हणून ऑपरेशनला कोणी धजावत नव्हते. लिस्टर यांनी स्वतःच्या राहत्या घरी ते केले. जखम न पिकता भरली. कर्करोग पुढे उलटला, पण तिला सुमारे तीन वर्षे मिळाली.

पाय किंवा हात कापण्याच्या ऑपरेशनांचे त्यांचे आकडे असे: नव्या पद्धतीआधी ३५ पैकी १६ मृत्यू, नंतर ४० पैकी ६. आज हे आकडे फार थोडे वाटतील, तुलनाही काटेकोर नाही. ते त्यांनी छापलेही उशिरा, १८७० मध्ये. आपली बाजू मांडण्यात लिस्टर कच्चेच होते. पद्धत ते सतत बदलत, त्यामुळे अनुकरण करणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळत नसे. क्लोरोफॉर्मवाले जेम्स सिम्प्सन म्हणाले, कार्बोलिक तर फ्रान्समध्ये आधीच वापरात आहे, यात नवे काय? टीकाकार औषधावर भांडत राहिले. लिस्टर यांचे म्हणणे औषधाबद्दल नव्हतेच. जखमेत जंतू पोचू द्यायचे नाहीत, हे ते सांगत होते. आणि ते मान्य करायचे तर आजवरच्या कित्येक मृत्यूंना आपले हात, आपली हत्यारे कारण झाली हेही मान्य करावे लागत होते. खरी अडचण तिथे होती.

रक्तवाहिनी बांधायला तेव्हा रेशमी धागा वापरत आणि त्याची लांब टोके जखमेबाहेर लोंबत ठेवत, कुजल्यावर ओढून काढण्यासाठी. जंतूंना आत जायला ती आयतीच वाट. लिस्टर यांनी मेंढीच्या आतड्यापासून केलेला कॅटगट जंतुरहित करून वासराच्या रक्तवाहिनीवर बांधून पाहिला. तो शरीरात जिरला. विरघळणारे टाके त्याच परंपरेतले.

हवेतले जंतू मारण्यासाठी त्यांनी कार्बोलिकचा फवाराही आणला. १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काखेतले गळू बाल्मोरलला फोडताना फवारा राणीच्या तोंडावर उडाला आणि राणी नाराज झाली. पू वाहून जाण्यासाठी तेव्हा त्यांनी रबराची नळी ठेवली. आजच्या ड्रेनचे ते जुने रूप. फवाऱ्याने खोलीतल्या सर्वांचे डोळे चुरचुरत, हात पांढरे आणि बधिर होत. हळूहळू लक्षात आले की जखम बिघडते ती हवेपेक्षा हात, हत्यारे आणि पट्ट्या यांमुळे. जर्मन सर्जनांनी ही सामग्री वाफेवर निर्जंतुक करायला सुरुवात केली. लिस्टर यांनी फवारा सोडला आणि १८९० मध्ये बर्लिनच्या परिषदेत, तो कधी सुचवला याचाच आपल्याला खेद वाटतो, अशी कबुली दिली. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या साधनाबद्दल भर सभेत असे सांगणे डॉक्टरी पेशात फारसे आढळत नाही.

जर्मनीने त्यांना आधी डोक्यावर घेतले, लंडनने सर्वांत शेवटी. १८७७ मध्ये ते किंग्ज कॉलेजला आले. तिथे एका रुग्णाची मोडलेली गुडघ्याची वाटी त्यांनी सांधा उघडून तारेने जोडली. पिकला तर पाय किंवा जीव जाणार, म्हणून धडधाकट सांधा उघडणे हा गुन्हाच समजला जाई. सांधा पिकला नाही, आणि त्यानंतर लंडनचा विरोध ओसरत गेला.

हे सारे प्रतिजैविकांशिवाय झाले. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये, लिस्टर यांच्यानंतर सोळा वर्षांनी. आपल्याकडे अजून टाके आहेत म्हणून आठवडाभर गोळ्या लिहून देण्याची आणि मागून घेण्याची सवय आहे. बहुतेक स्वच्छ ऑपरेशनांत गरज असलीच तर छेद घेण्याच्या थोडे आधी दिलेला डोस पुरतो. नंतरच्या गोळ्यांनी जखम वाचत नाही, औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. आणि ड्रेसिंग बदलणाऱ्याने हात धुतलेले नसतील, तर गोळ्यांनी ती कसर भरून निघत नाही.

ॲग्नेस १८९३ मध्ये इटलीत न्यूमोनियाने वारल्या. त्यानंतर लिस्टर यांनी खाजगी व्यवसाय सोडला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद आणि उमरावकी हे मान नंतरच मिळाले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी ते वारले. अंत्यविधीची प्रार्थना वेस्टमिन्स्टर ॲबीत झाली. तिथे त्यांना जागा मिळू शकली असती, पण त्यांची इच्छा वेगळी होती. हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत ॲग्नेस यांच्या शेजारी त्यांना पुरले.